खिशातला रेडिओ, १६४० चा निळा बोर्ड आणि नऊ-दहाची भानगड

साडेतीन स्टार. गाण्यांसाठी रेडिओ शोधून राहिले असाल तर इथूनच परत जा, त्यासाठी फोन आहे. हा मी घेतला आईसाठी, सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्यांसाठी, आणि त्याची खरी परीक्षा झाली ती पार अमेरिकेत, हायवेवर, भाऊजींच्या गाडीत. त्यामुळे लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

वस्तू काय तर पंजाएवढा डिजिटल रेडिओ, एफएम, मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह तिन्ही, समोर नंबरची बटणं, बाजूला फिरवायची चकती. बॅटरी जुन्या नोकियात यायची ती बीएल-५सी, म्हणजे गेली तर नागपुरात बर्डीवर मोबाईलच्या कोणत्याही दुकानात मिळते, हे मला फार आवडलं. ऑनलाइन ३,८०० ला पडला. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण पुढे शिव्या पण आहेत आणि तसंही याच जातीचे सेट चार-पाच नावांनी विकले जातात, आतला मसाला सगळ्यांचा सारखाच.

घरी लक्ष्मीनगरात लावला तर आकाशवाणी नागपूर ५८५ वर खणखणीत. त्यात रेडिओचं काही कौतुक नाही म्हणा, तो ट्रान्समीटर ३०० किलोवॅटचा आहे, गावातल्या गावात कोणताही डबा पकडेल. पण हॉलमधली एलईडी ट्यूब लावली की दूरच्या स्टेशनांवर चर्रर्र सुरू, सेट टॉप बॉक्सजवळ नेला तर विचारूच नका, अन् गच्चीवर नेला की एकदम शांत. मीडियम वेव्हचं असंच असते, घरातला प्रत्येक चार्जर त्यात नाक खुपसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येते.

तर ताईकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं. आई म्हणे, "तूच घेऊन जा हा, तुले परक्या जागी झोप लागत नाही," अन् रेडिओ बॅगेत टाकला. भाऊजींनी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेली, मधोमध स्क्रीन एवढा की आमचा हॉलमधला जुना टीव्ही लाजेल. एका शनिवारी पेनसिल्व्हेनियाकडे जाऊन राहिलो होतो तर रस्त्याच्या कडेला निळा बोर्ड, त्यावर दोन पिवळे दिवे लुकलुकत होते, अन् लिहिलेलं की दिवे चालू असतील तर १६४० एएम (म्हणजे आपली मीडियम वेव्हच) लावा, ट्रॅफिकची माहिती मिळेल. मी म्हटलं, भाऊजी लावा ना. भाऊजी म्हणे, "अरे, या गाडीत एएमच नाही."

मला वाटलं मस्करी करून राहिले. पण खरंच नव्हतं. इलेक्ट्रिक गाडीची मोटर अन् तिचा इन्व्हर्टर एएमच्या पट्ट्यात एवढी खरखर करतात की काही कंपन्यांनी एएम काढूनच टाकला. आमच्या ट्यूबलाइटचीच गोष्ट, फक्त चाळीस लाखाच्या गाडीत. यावरून तिकडे एवढा गोंधळ झाला की प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करा असं विधेयक २०२३ मध्ये त्यांच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, आलं.

मग मी हिरो. बॅगेतून आपला ३,८०० चा डबा काढला, १-६-४-० दाबलं, तर पठ्ठ्या १६३८ वर जाऊन बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा १६३८. आवाज येऊन राहिला होता, पण तोंडात खर्रा धरून कोणी बोलावं तसा, लेन लेन एवढंच कळे. भाचा मागे बसून हसून राहिला होता.

भानगड अशी की आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत अन् अमेरिकेत १०-१० च्या. ५८५ ला ९ नं भागून पाहा, बरोबर ६५. १६४० ला भाग जात नाही. रेडिओ ९ च्या पायरीवर असला की त्याला १६३८ माहीत, १६४७ माहीत, मधलं काही नाही. महागड्या सेटमध्ये १-१ किलोहर्ट्झ सरकता येते, यात नाही, अर्धा स्टार इथंच गेला. पायरी बदलायची सोय आहे पण ती रेडिओ बंद करून ३ नंबरचं बटण दाबून धरल्यावर, अन् हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही. भाच्यानं मोबाईलवर मॅन्युअल शोधून काढलं, मी बटण दाबलं, स्क्रीनवर १० आलं, १६४० लावलं अन् नुसती सूंऽऽ. तोवर स्टेशनच मागे राहिलं होतं.

कारण ही रस्त्याकडेची ट्रॅफिकवाली स्टेशनं असतातच एवढीशी. अमेरिकेत १९७७ पासून यांना वेगळं लायसन्स आहे, खांबाच्या अँटेनाला पॉवर जास्तीत जास्त १० वॅट. आपल्या ओट्यावरचा एलईडी बल्ब ९ वॅटचा असते, त्याच्याएवढीच म्हणा ना. आमची ५८५ याच्या तीस हजार पट. अँटेना म्हणजे रस्त्याच्या बाजूला एक खांब, त्याची उंची १५ मीटरच्या वर नाही, खाली जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या, शेजारी एक लोखंडी पेटी. पेटीत रेकॉर्ड केलेला निरोप फिरत राहते, कंट्रोल रूममधला माणूस लांबूनच तो बदलतो अन् बोर्डावरचे दिवे चालू-बंद करतो. जाहिरात नाही, गाणं नाही, बडबड्या आरजे नाही, लायसन्सही फक्त सरकारी अन् सार्वजनिक खात्यांनाच. ऐकू जाते चार-पाच किलोमीटर, जमीन चांगली असली तर थोडं जास्त. आता १०० च्या स्पीडनं पाच किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत तुम्हाला बोर्ड दिसला पाहिजे, रेडिओ लागला पाहिजे अन् निरोप एकदा तरी पूर्ण कानावर पडला पाहिजे. आम्ही ती तीन मिनिटं मॅन्युअल वाचण्यात घालवली.

पुढच्या बोर्डाला मात्र तयार होतो. १६४० लावून काचेला टेकवून बसलो. अन् आला! सपाट आवाजात एक बाई, पुढच्या पुलाचं काम चालू, उजवी लेन बंद, जड गाड्यांनी अमुक एक्झिट घ्यावी, मग दोन सेकंद शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून तेच. आवाज डबक्यातून आल्यासारखा, पण तो दोष रेडिओचा नाही. मूळ नियमातच ३ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फिल्टरनं कापायचा होता, त्यामुळे कोणी गाणी वाजवायची म्हटलं तरी मजा येणार नाही. बोलणं स्वच्छ कळते.

गाडीत हा वापरायचा तर दोन गोष्टी. एक, मांडीवर ठेवून काही येत नाही, गाडीचा पत्रा सिग्नल अडवते, काचेजवळच धरावा लागते. दोन, मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी, तिला दिशा असते, कांडीचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज गायब. रस्ता वळला, गाडी वळली, बाई गप्प. रेडिओ थोडा फिरवला, बाई परत. म्हणजे प्रत्येक वळणावर मी उलटा हात फिरवून राहिलो होतो, भाऊजी स्टिअरिंग इकडे, मी रेडिओ तिकडे. ताईनं व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आहे, असो.

रात्री येताना तेही जमलं नाही. अंधार पडला की मीडियम वेव्हवर शेकडो किलोमीटरवरची मोठी स्टेशनं आकाशातून उडी मारून येतात अन् १० वॅटचं पोरगं त्यांच्यात चेंगरून जाते. शिट्टी, कोणाचं तरी प्रवचन, मध्येच आमच्या बाईचं "लेन क्लोज्ड". इथं रेडिओचे मार्क कापणं अन्याय होईल.

मॅप असताना हे कशाला, हा प्रश्न भाऊजींनीही विचारला. मॅपवर रस्ता लाल दिसत होताच, पण का लाल आहे अन् ट्रकवाल्यानं काय करायचं ते बाईनं सांगितलं. मात्र मंगळवारी दुसऱ्या रस्त्यानं गेलो, तिथं दिवे लुकलुकत होते, मोठ्या हौसेनं लावलं तर "येत्या शनिवारी रात्री रस्ता बंद राहील" अन् तारीख मागच्याच शनिवारची. तीन दिवस शिळं! पोह्यावरची तर्री कालची असली तरी चालते एक वेळ, हे नाही चालत. कोणीतरी दिवे बंद करायला विसरलं, बस, पण माणसाचा विश्वास उडाला की तो पुढच्या बोर्डाला हात नाही लावत. काही राज्यांनी या सेवा गुंडाळल्या आहेत अन् फोन आले म्हणून गुंडाळल्या हे खरंच आहे, पण अशा शिळ्या निरोपांनीही त्यांची कबर खोदली असेल असं माझं मत.

जपानवाल्यांनी वेगळी शक्कल लावली. तिकडे एक्सप्रेसवेच्या कडेनं लांबलचक केबलच टाकतात, तिच्यातून सिग्नल झिरपत राहते, १६२० वर, अन् रेडिओ इथून सुरू, इथं संपला असे बोर्ड. १६२० ला ९ नंही भाग जाते अन् १० नंही, म्हणजे तिथं हा डबा कोणत्याही पायरीवर चालेल. फ्रान्समध्ये तर मोटरवेवर सगळीकडे एफएम १०७.७, ट्रान्समीटर एकमेकांशी जुळवलेले, गाव बदललं तरी काटा हलवायचा नाही.

परत आल्यावर समृद्धीवर शिवमडक्यापासून वर्धेपर्यंत मी सगळा पट्टा फिरवून पाहिला, उगाच आपलं समाधान. १६२० वर, १६४० वर, नुसती खरखर. पण मनात येते की जामठ्याला मॅच असली की वर्धा रोडवर जे होते, किंवा डिसेंबरात अधिवेशनाचे मोर्चे निघाले की झिरो माइलजवळ कोणता रस्ता चालू अन् कोणता बंद हे चौकातल्या हवालदारालाही पाच मिनिटांनी बदललेलं कळते, तिथं चिंचभवनच्या अलीकडे एक खांब अन् एक लुकलुकता दिवा पुरला असता. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत शिरणाऱ्याला तर कोणीतरी सांगायलाच पाहिजे, बाप्पा.

आता हिशेब. मीडियम वेव्हची पकड या किमतीत उत्तम, बॅटरी रोज दोन तास लावून आठवडाभर गेली, नंबर दाबून थेट स्टेशन लावता येते हे गाडीत फार सोयीचं. वाईट म्हणजे स्पीकर किरकिरा, हेडफोनची पिन हलली की एका कानात येते, चकती जोरात फिरवली तर एखादी पायरी गाळते, अन् ती ३ नंबरच्या बटणाची लपवाछपवी. विक्रेत्याला मेसेज टाकून विचारलं तर उत्तर आलं, प्लीज रिफर मॅन्युअल. मॅन्युअल डब्यात होतंच कुठे?

अन् हो, घरी आल्यावर आईला रेडिओ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मला हलवून उठवलं, "काय करून आणला रे हा, ५८५ च लागत नाही, ५८० लागते, ५९० लागते, अमेरिकेत जाऊन बिघडला." डोळे न उघडताच बंद करून ३ दाबून धरलं.