पेणची शाडूची मूर्ती : चेहऱ्याआधी तळ बघा

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांत फळ्यांवर गणपतीच्या मूर्ती दाटीवाटीने मांडलेल्या असतात आणि नजर सरळ चेहऱ्याकडे जाते. फसगत तिथेच होते. एकदा रंग चढला की शाडू कोणता आणि प्लास्टर ऑफ पॅरिस कोणतं, हे लांबून कळत नाही. कारागिराला सांगून मूर्ती जराशी तिरकी करून घ्या आणि तळ बघा, तिथे सहसा रंग नसतो. प्लास्टर पांढरंफेक दिसतं, शाडू करडा. ओलं बोट फिरवलं की शाडू बुळबुळीत होऊन बोटाला लागतो. प्लास्टर पाणी पितं आणि तसंच टणक राहतं.

कारागिरीला मात्र पूर्ण गुण. शाडू साच्याच्या दोन भागांत हाताने दाबून बसवतात, निघालेले अर्धे भाग पातळ मातीने सांधतात, हात आणि दागिने नंतर जोडतात. मग सावलीत सुकवणं, घासणं, पांढरा हात, रंग आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे रेखणं. डोळ्याची वरची रेघ बारीक ब्रशने एका दमात ओढलेली असते, मध्ये थोडी भरीव आणि कानाकडे निमुळती होत गेलेली. हात थांबला असेल तिथे रेघेला गाठ दिसते. मूर्ती घरी मखरात ज्या उंचीवर बसणार, त्याच उंचीवर ठेवून डोळे पारखा. खालच्या फळीवर ठेवलेल्या मूर्तीची नजर वरून पाहताना उगाच झुकल्यासारखी वाटते.

दोष शोधायचे ते सांध्यांत. कानामागे, दंडाजवळ, पोटाच्या बाजूने वरपासून खाली केसासारखी चीर गेली असेल तर ती मूर्ती घेऊ नका. शाडू सुकताना आकसतो. जाड पोट हळू सुकतं, पातळ कान लवकर, आणि ताण पडतो तो जोडावर. त्यात पावसाळ्याची घाई म्हणून पंखा किंवा हॅलोजन लावून सुकवली, की बाहेरून कोरडी आणि आतून ओली राहते. अशी मूर्ती रंगवल्यावर आठवड्याभरातसुद्धा चिरते. हाताला गारठ लागत असेल तर ती अजून सुकलेली नाही, असं समजा.

किंमत त्याच उंचीच्या प्लास्टरपेक्षा जास्त पडते आणि ती रास्त आहे. प्लास्टर रबरी साच्यात ओतलं की तासाभराच्या आत मूर्ती हातात येते; शाडूला सुकायलाच कित्येक दिवस लागतात. शिवाय माती कोकणातली नाही, गुजरातेतून गोण्या भरून येते. वजनही जास्त. फूटभर मूर्ती साधारण पाच किलोंच्या घरात जाते, म्हणून उचलताना पाटाखाली दोन्ही हात घाला, हाताला किंवा प्रभावळीला धरू नका. गाडीत घडी घातलेल्या चादरीवर उभीच ठेवा. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट वाफ धरते आणि पाण्याच्या रंगाला डाग पडतात. पावसात छत्री आणि सैल कापड पुरतं.

घरी प्रोक्षण फुलाने करा, अभिषेक सुपारीवर किंवा धातूच्या मूर्तीवर. जड हार हातात किंवा कानावर न अडकवता मागच्या मखराला बांधा. बोट तुटलंच तर दोन्ही कडा ओल्या करून शाडूच्या दाट राडीत चिमूटभर डिंक मिसळून चिकटवा. कोरड्या कडेवर ओली माती लावली तर ती सुकताना आकसून गळून पडते.

आता माझी खरी तक्रार. ‘शाडूची, पर्यावरणपूरक’ असा कागद लावलेल्या मूर्तीवरही ऑइल पेंट, वार्निश आणि सोनेरी मेटॅलिक रंग सर्रास दिसतात. आत माती आणि बाहेर प्लास्टिकसारखी कातडी. पाण्यात माती विरते, कातडीचे पापुद्रे तरंगत राहतात आणि ते भरतीबरोबर किनाऱ्यावर येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मातीइतकाच भर रंगांवरही आहे. मागणी करताना स्पष्ट सांगा : गेरू, हळद किंवा पाण्यात मिसळणारे रंग, वर चकाकी नको. चकाकी गेली म्हणून मूर्तीचं तेज जात नाही. गेरूच्या सोवळ्यावर आखणी उलट जास्त खुलते.

प्लास्टरचा प्रश्न साध्या हिशेबाने कळतो. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. पाच किलोंच्या मूर्तीला दोन हजार लिटर पाणी हवं. मुंबई उच्च न्यायालयाने 9 जून 2025 रोजी अशा मूर्ती बनवायला मोकळीक दिली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला तेव्हा दिली नाही. यात कारागिरांना दोष देणं मला पटत नाही. हमरापूर-जोह्यातल्या कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते, आणि गिऱ्हाईक उंच, हलकी, स्वस्त मूर्ती मागतं तेव्हा ते प्लास्टरच मागत असतं.

विसर्जन बादलीत करा. आधी निर्माल्य, कापड, खडे, तारा काढा. मुकुटाच्या वर चार बोटं पाणी येईल एवढी बादली घ्या, मूर्ती सोडा आणि हात लावू नका. कोरडा शाडू पाणी शोषून आपोआप सुटतो, दमट असेल तर हट्टाने तसाच राहतो. त्यासाठी आरती झाल्यावर रात्रभर कोरड्या जागी ठेवलेली बरी. लहान मूर्ती काही तासांत बसते, फूटभर मूर्तीला रात्र द्या. मातीत काथ्या (नारळाचा धागा) मिसळलेला असला तर तो गाळात सापडेल, वेचून काढा.

दुसऱ्या दिवशी वरचं पाणी निथळून घ्या आणि गाळ कापडावर पसरा. ही माती भाजलेली नसते, म्हणून ती पुन्हा मूर्तीला चालते. कारखान्यात परत घेतात का, हे मूर्ती ठरवतानाच विचारून ठेवा. सगळी एकाच कुंडीत ओतू नका. शाडू फार बारीक असतो, सुकल्यावर दगडासारखा होतो आणि तुळशीची मुळं गुदमरतात. चार वाट्या बागेच्या मातीला एक वाटी शाडू, त्याहून जास्त नको.