एसएसडीचा वेग कमी म्हणून संगणक दुरुस्त करत राहिलो, आणि तेवढ्यात परतीची मुदत संपली

मी व्हिडिओ संपादनाचे काम करतो आणि त्यासाठी माझ्या डेस्कटॉपमध्ये १ टीबी क्षमतेची एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयई या वेगवान जोडणीने मदरबोर्डशी बोलणारी, फिरते भाग नसलेली साठवणीची ड्राइव्ह) बसवली. ती एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली होती. खोके सीलबंद होते, लेबलवर नामांकित कंपनीचे नाव होते, आणि पीसीआयई ४.० (त्या जोडणीची चौथी पिढी, ३.० च्या दुप्पट वेगाची) व सेकंदाला ७,००० एमबी वाचनवेग असे ठळक छापलेले होते. विंडोजने ९३१ जीबी दाखवले, आणि त्यात काही वावगे नव्हते, कारण कंपन्या १ टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज तेच माप द्विमान पद्धतीने दाखवते. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क या प्रोग्रॅमवर मात्र वाचनाचा वेग ३,२०० एमबीच्या वर जाईना.

खरा धक्का बसला तो एका प्रकल्पाच्या ६०० जीबी फाइली दुसऱ्या, साट्याच्या (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवरून नव्या ड्राइव्हवर उतरवताना. सुरुवातीला कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख ५०० एमबीवर सपाट चालला होता, आणि साट्याच्या ड्राइव्हकडून त्याहून जास्त अपेक्षा नसतेच. सुमारे १०० जीबी झाल्यावर तो आलेख एकदम कोसळला, आणि पुढचे सगळे काम ७० ते ८० एमबीच्या दरम्यान रखडत चालले. एवढा वेग तर फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्कसुद्धा देते.

मी विक्रेत्याला कळवले. उत्तर अतिशय नम्र होते: ड्राइव्ह उत्तम आहे, तुमचा मदरबोर्ड जुना असावा, बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहा. ते केले. मग ड्रायव्हर बदलायला सांगितले, मग ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू आहे का ते पाहायला, मग विंडोज पुन्हा टाकायला. प्रत्येक उत्तर दोन-तीन दिवसांनी येई, प्रत्येक वेळी माझी एक संध्याकाळ जाई, आणि तक्रारीवर कोणी विचार करत आहे या समाधानात मी परतीच्या मुदतीकडे पाहिलेच नाही. शेवटी बायोसमध्ये एएचसीआय चालू करण्याचा सल्ला आला. तो पाळल्यावर संगणक सुरूच होईना, कारण विंडोज वेगळ्या मोडवर बसवलेले होते, आणि जुनी मांडणी परत आणेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

त्या रात्री वाचताना लक्षात आले की एएचसीआय ही सेटिंग साट्याच्या ड्राइव्हसाठी असते आणि एनव्हीएमई ड्राइव्ह त्या मार्गाने चालतच नाही. जो माणूस दिवसभर एसएसडी विकतो त्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. मला दिलेले सल्ले दुरुस्तीसाठी नव्हते, ते दिवस काढण्यासाठी होते, आणि तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘ट्रान्सफर मोड’ या ओळीत दोन आकडे दिसतात: डावीकडे सध्या जोडणी कशी आहे, आणि उजवीकडे ड्राइव्ह स्वतः जास्तीत जास्त काय पेलू शकते. मदरबोर्ड किंवा स्लॉट जुना असता, तर डावीकडे पीसीआयई ३.० आणि उजवीकडे ४.० दिसले असते. माझ्याकडे दोन्हीकडे ३.० होते. म्हणजे ४.० चा दावा लेबलवरच होता, आत नव्हता, आणि त्यात माझ्या संगणकाचा काही दोष नव्हता. त्याच खिडकीतला अनुक्रमांक लेबलवरच्या अनुक्रमांकाशी जुळला नाही. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला, तर तो नोंदीतच नव्हता. ड्राइव्ह बाहेर काढताना हीटसिंकच्या चिकट पॅडबरोबर लेबलचा एक कोपरा उचलला गेला, आणि त्याखाली दुसऱ्याच लेबलची कड दिसली, रंग वेगळा, बारकोडच्या रेघा अर्ध्या कापलेल्या.

‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ड्राइव्ह आजवर किती तास चालली ती नोंद, अगदी कमी दिसत होते म्हणून ड्राइव्ह नवी आहे असे मी धरून चाललो होतो. ही नोंद कंट्रोलरच्या (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) कारखान्यातील साधनांनी पुसता येते, त्यामुळे शून्याजवळचा आकडा हा नवेपणाचा पुरावा नाही. छोट्या चाचणीवरही विसंबू नये. क्रिस्टलडिस्कमार्क मुळात १ जीबीची फाइल वापरते, आणि ती एसएलसी कॅशमध्ये (ड्राइव्हमधल्या तात्पुरत्या, वेगवान साठवणीच्या भागात) सहज मावते. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी, म्हणून लिहायला संथ) ड्राइव्हसुद्धा कॅश रिकामी असेपर्यंत वेगवान भासते, कॅश भरली की खरा वेग उघडा पडतो. क्यूएलसी हा स्वतः दोष नाही. क्यूएलसीची वस्तू टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी, अधिक वेगवान) म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे, आणि माझ्या बाबतीत तेच झाले.

चांगली ड्राइव्हही मंद पडते, हे मान्य आहे: ती काठोकाठ भरलेली असेल, तापली असेल, किंवा कमी लेनच्या (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांच्या) स्लॉटमध्ये बसवलेली असेल तर. म्हणून माझी ड्राइव्ह जवळपास रिकामी होती आणि तापमान ५५ अंशांच्या पुढे जात नव्हते, हे मी स्क्रीनवरील चित्रांसह नोंदवून ठेवले. ज्यांच्याकडे परतीची मुदत अजून आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की विंडोज टाकण्याआधीच दोन्ही अनुक्रमांक पडताळावेत, ट्रान्सफर मोडची ओळ पाहावी, आणि एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ-थ्री हा क्षमता तपासणारा प्रोग्रॅम चालवून ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून घ्यावी. या शेवटच्या चाचणीला काही तास लागतात, पण खोटी क्षमता तीच पकडते. माझी क्षमता खरी निघाली. ती खोटी असती, तर वेगाबरोबर फाइलीही गेल्या असत्या. दोष निघाला तर परतीचा अर्ज त्याच दिवशी भरावा. सल्ले नंतरही ऐकता येतात.

विक्रेत्याला दोन्ही अनुक्रमांकांची छायाचित्रे पाठवल्यापासून त्याचे उत्तर आलेले नाही. पैसे देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवली आहे आणि तिचा निकाल बाकी आहे. दरम्यान अधिकृत वितरकाकडून घेतलेली दुसरी ड्राइव्ह त्याच स्लॉटमध्ये, त्याच बायोसवर बसवली. तेच ६०० जीबी आधी पावणेदोन तासांहून जास्त वेळ खात होते, ते वीस मिनिटांत उतरले.