३ टनी ट्रॉली जॅक, वर्षभर वापरल्यावर: टन सोडा, चाकं बघा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला माझा ट्रॉली जॅक, म्हणजे गाडी उचलायचा चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक, या महिन्यात दाब धरेनासा झाला. विक्रेत्याशी वाजलं. शेवटी इथे कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात नेऊन तो उघडला आणि आता तो नवा होता त्यापेक्षा चांगला चालतोय. कंपनीचं नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण हाच साचा लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत निरनिराळे स्टिकर लावून विकला जातो. ३ टन, हात खाली असताना उंची १४० मिमी, पूर्ण वर ४८० मिमी, वजन तीस किलोच्या आसपास. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. चाकांबद्दल मात्र खोक्यावर एक अक्षर नसतं आणि वर्षभर मला सगळ्यात जास्त छळलं ते चाकांनीच.

घरी दोन गाड्या आहेत, माझी वॅगनआर आणि वडिलांची जुनी बोलेरो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, टायरची अदलाबदल ही कामं मी घरीच करतो. मजुरी वाचते हे आहेच, शिवाय ड्रेन बोल्ट कुणी एअर गनने आवळून आटे खराब केलेत का, ही चिंता राहत नाही.

आधी टनांचं बोलतो, कारण दुकानात सगळे तिथेच अडकतात. वॅगनआर अख्खी मिळून आठशे-साडेआठशे किलोची. एक कोपरा उचलताना जॅकवर त्याच्या निम्माही भार येत नाही. बोलेरो दीड टनाच्या वर आहे, पण तिचंही एकच टोक एका वेळी उचलायचं असतं. म्हणजे भाराचाच प्रश्न असता तर २ टनी छोटा जॅक दोघींना पुरला असता. अडचण उंचीची आहे. तो छोटा जॅक साधारण ३३०-३४० मिमीला थांबतो. वॅगनआरच्या दाराखालची कड आधीच जमिनीपासून वीतभर वर असते. तिथून उचलायला लागलं की पहिले काही इंच नुसतं सस्पेन्शन लोंबतं, चाक जमिनीवरच राहतं. चाक सुटेपर्यंत छोट्या जॅकचा हात संपत आलेला असतो आणि गाडीला टेकू देणारा स्टँड सरकवायला जागाच उरत नाही. ३ टनीचे जास्तीचे पैसे मी या उंचीसाठी दिले आणि ते वसूल झाले.

बोलेरोचं गणित वेगळं आहे. मागे अखंड अ‍ॅक्सल असल्यामुळे जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावला तर स्प्रिंग लोंबायचा प्रश्नच येत नाही, थोड्या उचलीत चाक मोकळं होतं. तेच चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावलं तर स्प्रिंगचे पाटे ताणून संपेपर्यंत दांडा मारत बसावं लागतं. नुसता टायर काढायचा असेल तर अ‍ॅक्सल, पाट्यांचं काम असेल तर चेसिस. वॅगनआरला मात्र कडेवरच्या दोन खाचांमधली जागा सोडून दुसरीकडे कुठे लावायचं ते गाडीचं पुस्तक बघूनच ठरवा. ऑइलच्या चेंबरखाली आणि मधल्या पत्र्याखाली जॅक लावून वाट लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. जॅकची लोखंडी वाटी, म्हणजे हाताच्या टोकाचा गाडीला टेकणारा भाग, त्या कडेवर थेट टेकली तर कड मुडपते आणि रंग उडाला की गंज तिथूनच धरतो. मी ट्रकच्या जुन्या इंजिन माउंटिंगचा रबर आणून त्याला हॅकसॉने खाच पाडली आणि वाटीत बसवला. फुकटात काम झालं.

आता चाकं.

ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही. तो एका टोकाला बिजागरीवर फिरतो, त्यामुळे वर जाता जाता वाटी दांड्याच्या दिशेने मागे येते, पूर्ण उचलीत कित्येक इंच. गाडी तर जागेवर उभी आहे. उरलेल्या चाकांना ठोकळे लावलेत, हँडब्रेक ओढलाय. मग मागे येणारी वाटी आणि न हलणारी गाडी यांचा मेळ बसायचा तर जॅकनेच पुढे, गाडीखाली सरकायला हवं. जॅकला चाकं आहेत ती मुख्यतः यासाठी. ढकलत नेण्याची सोय ही नंतरची गोष्ट. चाकं अडली की दोनपैकी एक होतं: वाटी कडेवरून घसरते, नाहीतर गाडी जॅकबरोबर ओढली जाते. दोन्हीत माणूस मरू शकतो. एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल माहितीपुस्तिकेत फक्त ‘कठीण, सपाट जागेवर वापरा’ एवढंच असतं.

कठीण, सपाट जागा आणायची कुठून? आमच्या दारात शहाबादी फरशी आहे. फरशी कठीण आहे, पण सांधे आहेत, आणि जॅकची पुढची लोखंडी चाकं इतकी लहान की सांध्यात बसली की तिथेच रुततात. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर याहून वाईट. वॅगनआर उचलताना वाटी कडेवर किंचित सरकल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हाच थांबून गाडी खाली घेतली. आईचं म्हणणं आणखी वेगळं होतं: एका फरशीचा कोपरा उडाला. तिची तक्रार योग्यच होती, कारण एवढा भार चार छोट्या ठिपक्यांवर येतो.

मग घरात पडलेला १८ मिमीचा प्लायवूडचा तुकडा खाली घातला. सांध्यांचा प्रश्न मिटला, फरशी वाचली. पहिले काही महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो की प्लायवूड घाला, विषय संपला. वॅगनआरपुरतं ते आजही खरं आहे. बोलेरोखाली मात्र चाकं प्लायवूडमध्येच दाबून खड्डे पाडायला लागली, म्हणजे पुन्हा अडकणं आलं. आता प्लायवूडवर ३ मिमीचा लोखंडी पत्रा टाकतो. भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणला, कडा कानसीने मोडून घेतल्या. त्यावर जॅक भाराखालीसुद्धा सरकताना दिसतो, आणि ते डोळ्यांनी दिसलं की जिवाला स्वस्थता येते.

इथवर दोष फरशीचा आहे असंच मी धरून चाललो होतो. पावसाळ्याने ते मत बदलायला लावलं. कोल्हापूरचा पाऊस, जॅक पत्र्याच्या शेडमध्ये. गणपतीच्या सुमारास बाहेर काढला तर पुढचं एक चाक हाताने फिरेना आणि मागचं कॅस्टर, म्हणजे दिशा बदलणारं चाक, वळेना. ग्रीस लावलं, दोन दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी पिन ठोकून चाक काढलं आणि उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी चाक हातात घेऊन भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, “ह्याला बुशच न्हाई. पिन आन् चाक कोरडंच घासतंय. भार आला की फिरायचं कसं त्येनं?”

बुश म्हणजे पिन आणि चाकाच्या मध्ये बसणारी धातूची नळी. इथे ओतीव चाकाला आरपार भोक आणि त्यात ओबडधोबड पिन, एवढंच होतं. भोक बोअर करून त्यांनी गनमेटल या मिश्रधातूचे बुश दाबून बसवले, ग्रीससाठी बारीक भोक पाडलं, पिन नवी, पॉलिश केलेली. नायलॉनची चाकं करू का म्हणून मीच विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं, भाराखाली एका जागी राहिलं की नायलॉन चपटं होतं. त्या दिवसापासून हा जॅक दुसराच झाला. बोलेरो उचलताना दांडा मारायला लागणारा जोरसुद्धा कमी झाला, कारण आधी माझी निम्मी ताकद जॅक पुढे ओढण्यात जात होती. जिथे ओतकामाला आणि मशीनकामाला माणसं लांबून येतात त्या गावात हे सहज होऊन गेलं. बुशचा खर्च इतका किरकोळ आहे की तो कारखान्यातच का घालत नाहीत, याचा राग मला अजून येतो.

मग या महिन्यातलं बिघडणं. गाडी वर जायची आणि हळूहळू बसायची. बाहेर तेलाचा थेंब नाही, म्हणजे गळती आतली. आधी घरचा उपाय केला: दांडा फिरवून दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवला, भाराविना दांडा भराभर मारला, हवा निघते का पाहिलं. हात पूर्ण खाली असताना तेलाची पातळी बघितली, ती बरोबर होती. (हात वर असताना तेल भरलं तर खाली येताना ते ओसंडतं, हे लक्षात असू द्या.) फरक पडला नाही.

वॉरंटी शिल्लक होती. विक्रेत्याने व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातून मागितला, मग सील आणि व्हॉल्व्ह हे ‘झिजणारे भाग’ म्हणून वॉरंटीत नाहीत असं कळवलं, आणि तरीही तपासून हवा असेल तर तीस किलोचा जॅक स्वखर्चाने कुरिअर करा म्हणाले. जॅकमध्ये सील आणि व्हॉल्व्ह सोडून बिघडण्यासारखं उरतं काय? हे बिलावर किंवा जाहिरातीत कुठेही नव्हतं.

लेथवाल्या मिस्त्रींनी दोन गाळे पलीकडच्या हायड्रॉलिकवाल्याकडे पाठवलं. त्याने तेल ट्रेमध्ये ओतलं तर त्यात बारीक काळा चुरा आणि रंगाच्या पापड्या. आतली झडप म्हणजे एक पोलादी छर्रा आणि त्याची सीट. त्या दोघांमध्ये एक कण बसला की दाब परत टाकीत झिरपतो आणि गाडी बसते. त्याने सगळं डिझेलने धुतलं, नवा छर्रा ठेवून पितळी दांड्याने हलकेच ठोकून सीटवर बसवला, ओ-रिंग बदलल्या, ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल भरलं. कुणी ब्रेक ऑइल घाला म्हणालं तर ऐकू नका, त्याने आतली रबरं फुगून खराब होतात. नंतर बोलेरोचं मागचं टोक उचलून, खाली स्टँड लावून, दुपारभर ठेवून बघितलं. स्टँड आणि अ‍ॅक्सलमधली फट होती तेवढीच राहिली.

त्याने आणखी एक सांगितलं ते मला पटलं: नव्या जॅकचं तेल पहिल्या काही महिन्यांतच एकदा बदलावं, कारण कारखान्यातला चुरा तेव्हाच निघतो. हात, लिंक आणि वेल्डिंग तपासून त्याने जॅक चांगला म्हटला. माझंही तेच मत आहे. लोखंडात कंजुषी नाही, वाटी शेवटपर्यंत समपातळीत राहते, हाताला आडवा खेळ नाही.

दुकानात जाऊन घेणार असाल तर जॅक आडवा करून पुढची चाकं बोटाने फिरवा, पिनवर किती डुगडुगतात बघा, कॅस्टर वळवून बघा. दुकानदार टनांबद्दल बोलत राहील, बोलू द्या. ऑनलाइन घेणार असाल तर बुशचं आणि तेल बदलायचं काम किमतीत आधीच धरा. माझा जॅक पाच हजारांच्या आसपास पडला, उद्यमनगरातल्या दोन्ही कामांचे मिळून हजाराच्या आत, पत्रा भंगाराच्या भावाने. स्टँडची जोडी वेगळी घेतली, दात्यांबरोबर आडवी पिनही बसणारी, आणि तिच्या किमतीत मी घासाघीस केली नाही. हा जॅक कितीही सुधारला तरी गाडीखाली मी शिरतो ते स्टँड लावून, गाडीला हाताने हलवून बघितल्यावरच.