कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर कोणता घ्यावा: एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी की इंटेलचा कोअर आय७-१४७००के?

फक्त गेमच खेळायचे असतील तर मी डोळे झाकून ७८००एक्स३डी घेईन. कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आठच, पण एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) तब्बल ९६ एमबी! गेमला सारखा लागणारा डेटा हाताशीच राहतो, रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. १४७००केमध्ये कोअर २० (त्यातले १२ छोटे), कॅशे मात्र ३३ एमबी. व्हिडिओ एडिटिंग, रेंडरिंग रोजचंच असेल तर तोच सरस. फक्त पूर्ण जोरात तो २५३ वॉटपर्यंत खातो, तेव्हा कूलर दणकट हवा.

जुनी डीडीआर४ रॅम पडून असेल तर ती इंटेलच्या डीडीआर४ मदरबोर्डावर चालून जाते. एएम५ला (७८००एक्स३डी बसतो ते सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) डीडीआर५च लागते. पण त्याच एएम५ बोर्डावर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून पुढे रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसरही बसतो. इंटेलने पुढच्या पिढीला सॉकेटच बदललं. आणि ४के रिझोल्यूशनवर खेळणार असाल तर हा वादच सोडा; तिथे मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो, पैसे त्यातच घाला.