'शासनमान्य' चुलीच्या नावाखाली बचत गटांची फसवणूक

नागपूर जिल्ह्यातल्या काही गावांत एजंट बचत गटाच्या मीटिंगला आला, कमी धुराची चूल दाखवली आणि प्रत्येक ताईकडून 700 रुपये घेतले. "अर्धे पैसे सबसिडीचे, खात्यात परत येतील." सोबत आधारची झेरॉक्स आणि एका इंग्रजी फॉर्मवर सही. सबसिडी आलीच नाही, फोनही बंद.

पावसाळा संपायच्या आत चुलीचा आतला पत्रा जळून गळाला. तो साधा, पातळ लोखंडी होता आणि दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारी सिरॅमिक वूल नव्हतीच. वरच्या कडेची भोकं फक्त बाहेरच्या पत्र्याला पाडलेली, आतल्याला नाहीत. धूर जाळणारी वरची हवा तिथूनच आत जायला हवी, म्हणून ही चूल पहिल्या दिवसापासून धुरकट होती. तुराटी-पऱ्हाटी तर तिच्या तोंडात नीट मावतही नव्हती.

चुलीवर आयएसआयचा स्टिकर होता, पण नुसता. खऱ्या खुणेच्या वर आयएस 13152, म्हणजे लाकूडफाट्याच्या चुलीच्या मानकाचा क्रमांक, आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते तिथेच दिसतं.

पैसे देण्याआधी चूल गटासमोर पेटवायला लावा. गंजात 5 लिटर पाणी, वर झाकण, 600 ग्रॅम वाळलेलं लाकूड तोलून. या मानकात बिनपंख्याच्या चुलीला किमान 25 टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे लाकडाच्या उष्णतेतली निदान पाव भांड्याला मिळायला हवी. त्या हिशेबाने 400 ग्रॅमच्या आसपास लाकडात पाणी उकळायला हवं, वरचे 200 सवलतीचे. तेवढ्यात उकळी आली नाही तर चूल परत.

खरा माल मात्र तो फॉर्म होता. त्यात घरातल्या कार्बन क्रेडिटचा हक्क लिहून घेतला होता. चांगल्या चुलीत लाकूड कमी जळतं, म्हणून कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो; एक क्रेडिट म्हणजे अशी एक टनाची बचत, आणि ती बाजारात विकली जाते. एकाच घराची बचत दोनदा मोजता येत नाही, म्हणून उद्या प्रामाणिक प्रकल्प चांगली चूल घेऊन आला तरी ही घरं वगळली जाऊ शकतात. 700 रुपयांपेक्षा हे नुकसान मोठं आहे. चूल फुकट मिळत असली तरी मराठी प्रत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

सही झालीच असेल तर संमती मागे घेतल्याचा लेखी अर्ज करून ग्रामपंचायतीची पोच घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा.