जुनापाणीच्या माळावर भूशास्त्रीय नकाशा: आठ महिने वापरून

भूकोश पोर्टलवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० चे नकाशे फुकट मिळतात. मी नागपूरच्या आसपासच्या महापाषाणकालीन शिळावर्तुळांवर (दफनांभोवती गोलाकार रचलेले मोठे दगड) काम करतो, त्यामुळे गेले आठ महिने क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज हाच नकाशा उघडा असतो.

पहिली फजिती माझीच. ७९ अंश रेखांश नागपूरच्या पश्चिमेच्या वाडी गावाजवळून जातो. तिथे ५५ ओ/४ ही शीट (नकाशाचा एक चौकोनी तुकडा) संपते आणि ५५ के/१६ सुरू होते. जुनापाणी, म्हणजे मी काम करतो तो शिळावर्तुळांचा माळ, ऐन त्या शिवेवर. मी एकच शीट उतरवली होती, त्यामुळे अर्धा माळ कोराच दिसला.

नकाशा खरा कामी आला तो त्या काळच्या लोकांचा कच्चा माल शोधताना. आपल्या जिल्ह्यात दगडांची चंगळ आहे: पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, कामठी-उमरेडकडे गोंडवाना या खडकसमूहाचे वालुकाश्म आणि कोळसा, मनसरकडे सौसर गटाचे जुने खडक आणि मँगनीज. त्या काळी माहुरझरीला अकीक-कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी घडवत. अकीक तयार होतो बेसाल्टच्या पोकळ्यांत, म्हणजे माल जवळचाच असू शकतो. 'असू शकतो' एवढंच. नकाशा पुरावा देत नाही, कुठल्या नाल्यात पायपीट करायची ते सांगतो. नायकुंडला त्याच काळातली लोखंडाची भट्टी सापडली, पण तिथलं खनिज कुठून आलं हे विचारायला गेलो तर एवढासा साठा या प्रमाणावर दिसतच नाही.

प्रमाणाचं गणित आधी करा. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. वर्तुळ दहा-पंधरा मीटरचं, म्हणजे पेन्सिलीचा ठिपका. अमुक वर्तुळ दोन खडकांमधल्या सीमारेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर मी दोन दिवस घालवले, आणि ती रेघच २५ मीटर जाड!

दुसरं, नकाशावरचे रंग हे खडकांच्या वयानुसार आणि गटानुसार असतात. 'कामठी' या खडकगटाच्या एका रंगात वालुकाश्मही येतो, शेलही (चिखलाचा बनलेला पापुद्र्यांचा खडक). पाणी कुठे मुरतं ते पाहणाऱ्याला आणि हत्यारांचा दगड शोधणाऱ्याला हे दोन्ही सारखे कसे चालतील?

(हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या स्टीफन हिस्लॉपना खडकांचाही नाद होता आणि शिळावर्तुळांचाही. टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना १८६३ मध्ये ते नाल्याच्या पुरात बुडाले.)

माळाखालच्या शेतातले काका मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, "बाबू, तुया नकाशात माह्या विहिरीचं पानी दिसते का?" नाही दिसत. बेसाल्टात पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं, ते किती खोल हे रंगावरून कळत नाही. मग त्यांच्या विहिरीतच उतरलो. वर दोन हात काळी माती, खाली पिवळट मुरूम, त्याखाली पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला खडक आणि त्याच्या बुडाशी ओल. नकाशावर त्या जागी एकच सपाट रंग आहे.

आता विहिरी दिसतील तिथे फूटपट्टी धरून फोटो काढतो. वाडी-फेटरीकडच्यांनी मात्र दोन्ही शीट एकदमच उतरवा.