"दादा, क्लाऊन असाच पोहतो"

पुण्यात खाऱ्या पाण्याचा मासा घेणाऱ्याला हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. गोची अशी की ते अर्धं खरं आहे. क्लाऊनफिश अंग डोलवतच पोहतो, दिवसभर एकाच कोपऱ्यात वर-खाली करतो आणि दिवा बंद झाला की पाण्याच्या वरच्या थरात तिरका, कधी चक्क आडवा होऊन झोपतो. यात आजार काहीच नाही. आजारी मासा खपवला जातो तो मात्र याच आडोशाला.

फसवणुकीची सुरुवात मिठापासून होते. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा; मीठ जास्त तसा आकडा मोठा) साधारण १.०२५ असतं. काही दुकानांत कोरल नसलेल्या, नुसत्या माशांच्या टाक्या १.०१२ च्या आसपास ठेवतात. मीठ जवळजवळ निम्मं लागतं, इक या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी दबून राहतो (मरत नाही), मासा टवटवीत दिसतो. वर थोडं तांब्याचं औषध असलं की व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोगही झाकला जातो. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, विचारलीत तर रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबावरून खारटपणा मोजायचं उपकरण) १.०२५ दाखवतातही, पण तो थेंब कोरलच्या शोकेस टँकमधला असतो. माशांच्या टाक्यांचं पाणी वेगळं.

घरी आपण पिशवी अर्धा तास तरंगवतो. त्यानं तापमान जुळतं, खारटपणा नाही. खाऱ्या पाण्यातला मासा शरीरातलं पाणी सतत गमावत असतो आणि समुद्राचं पाणी पिऊन ते भरून काढतो. १.०१२ वरून थेट १.०२५ मध्ये टाकला तर हे गणित कोलमडतं. एक-दोन दिवसांत मासा तळाशी बसतो, कलतो, प्रवाहात टिकत नाही. उलट दिशेनं, म्हणजे जास्त मिठातून कमी मिठात जाणं, त्याला बरंच सोसतं. म्हणून क्वारंटाईनची (नवा मासा आधी वेगळा ठेवायची) टाकी पिशवीतल्या पाण्याच्या सॅलिनिटीला जुळवायची आणि रोज ०.००१ ते ०.००२ एवढंच वाढवायचं. आठवडा ते दोन आठवडे लागतात, लागू द्या.

व्हेल्व्हेटचं पोहणं वेगळं. मासा वेव्हमेकरसमोर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) तोंड करून प्रवाहात उभा राहतो, कल्ले भराभर हलतात, अंग खडकाला घासतो. अंधारात बाजूनं टॉर्च मारला तर कातडीवर सोनेरी भुकटी दिसते. त्यावेळी दुकानदाराला फोन केला की उत्तर ठरलेलं, "साहेब, तुमच्या पाण्यात गडबड आहे," आणि सोबत 'रीफ-सेफ', म्हणजे कोरलला इजा करत नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या, औषधाची बाटली. व्हेल्व्हेटला त्या बाटलीचा भरवसा धरू नका. दिवस वाया जातात, आणि इथे हातात दिवसच असतात. उपाय म्हणजे चिलेटेड तांबं (दुसऱ्या रेणूला बांधलेलं तांबं) २ ते २.५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), तेही मोजून, वेगळ्या टाकीत. मेन टँकमध्ये तांबं घातलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जातं आणि खडक ते शोषून बसतात. मासे काढल्यावर तो टँक किमान सहा आठवडे माशांविना ठेवावा लागतो.

घेताना रिफ्रॅक्टोमीटर स्वतःचा न्या. तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी एकत्र केलं की ते त्यावर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग, समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा) दाखवायला हवं. दुकानात जो मासा घ्यायचा त्याच टाकीतलं पाणी मागा आणि स्वतः थेंब टाकून बघा. नाही म्हणाले तर तिथून निघा. गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) समोर खायला घालायला सांगा आणि शेजारच्या माशापेक्षा कल्ले दुप्पट वेगानं हलत असतील तर तो मासा सोडा. शक्य असेल तर टोकन देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगावं. घरी आल्यावर पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, त्यातल्या थोड्यावर कॉपर टेस्ट करा. किट चिलेटेड तांबं मोजणारं हवं, नाहीतर शून्य येतं आणि आपण खूश होतो.

"जिवंत मालाची हमी नाही" असा शिक्का बिलावर असला तरी बिल घ्याच. कमी मिठाचं पाणी लपवून विकणं आणि मासा वाटेत मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवी न उघडता व्हिडिओ सुरू करा, मग उघडून रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा त्याच व्हिडिओत घ्या. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे आपण राहतो तिथूनच अर्ज करता येतो, मासा मुंबईहून मागवलेला असला तरी.